रुळांवरून चालणाऱ्यांची कोकण रेल्वे

कोकण रेल्वेचा इतिहास लिहायला बसले की आकडे आपोआप पुढे येतात. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा. हे आकडे अभिमानाचे आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. या स्मरणिकेत त्याच संस्थेचा इतिहास दुसऱ्या एका प्रश्नाच्या अंगाने मांडायचा आहे. हा मार्ग ज्यांनी खणला, जे तो रोज पायी तपासतात आणि जे त्यावरून गाडी नेतात, त्यांच्या जिवाची आणि प्रकृतीची काळजी घ्यायला ही संस्था कशी शिकली?

हा प्रश्न सिंधुदुर्गातून विचारण्याला कारण आहे. वैभववाडी, नांदगाव, कणकवली, सिंधुदुर्गनगरी, कुडाळ, झाराप, सावंतवाडी, मडुरे ही आपली स्थानके. मालवणच्या किनाऱ्यापर्यंत रूळ आले नाहीत. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचा चाकरमानी यांपैकीच एखाद्या स्थानकावर उतरतो आणि पुढे एसटी किंवा रिक्षा धरतो. गणपतीला घरी पोचणारा प्रत्येक जण ज्या पावसातून येतो, त्याच पावसात कोणीतरी रात्रभर रुळांवरून चाललेले असते. आणि ज्या अपघाताने या संस्थेचा स्वभाव बदलला, तो याच जिल्ह्यात, वैभववाडीजवळ घडला.

मागणी करणारे आणि कामगारांचे तास

कोकणाला रेल्वे हवी, ही मागणी काही पिढ्यांची होती. अ. ब. वालावलकरांनी ती चिकाटीने लावून धरली. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. लोकसभेत कोकणाच्या रेल्वेचा आवाज तेच होते. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच मतदारसंघातून प्रा. मधु दंडवते निवडून गेले. रूळ मात्र दिवा, पनवेल, आपटा असे टप्पे घेत १९८६ साली रोह्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

पुढे ज्या दोघांच्या काळात हा मार्ग मंजूर झाला, त्या दोघांचेही रेल्वे कामगारांशी जुने नाते होते. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपाचे नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस यांनी केले. पगार आणि बोनस यांच्या जोडीला त्या संपात आठ तासांच्या कामाची मागणी होती. इंजिनावरच्या माणसाची पाळी घड्याळावर संपत नसे, गाडी पोचेल तेव्हा संपे. संप चिरडला गेला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या कामगारांना पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवणारे मंत्री म्हणून प्रवासी त्यांना ओळखतात; रेल्वेच्या वसाहतींत त्यांचे नाव परत मिळालेल्या नोकरीसाठी घेतले जाते.

कामाच्या तासांचा हा प्रश्न त्याहूनही जुना आहे. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी दिलेल्या निवाड्याने रेल्वेतील कामांची प्रतवारी केली: कोणते काम सतत चालणारे, कोणते विशेष ताणाचे, कोणते अधूनमधून करावे लागणारे. त्या प्रतवारीनुसार कामाचे तास आणि विश्रांती ठरू लागली. थकलेला माणूस स्वतःलाही धोका असतो आणि त्याच्या मागे बसलेल्या शेकडो प्रवाशांनाही, ही गोष्ट रेल्वेच्या नियमांत त्या निमित्ताने पक्की झाली. कोकण रेल्वेला हा वारसा जन्माआधीच मिळालेला होता.

१९८९ च्या डिसेंबरात फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची कंपनी म्हणून नोंदणी झाली. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले.

बांधणीची वर्षे

सह्याद्रीत रेल्वे आणताना माणसांचे काय होते, याचा एक भयंकर धडा महाराष्ट्राला आधीच मिळालेला होता. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट बांधला गेला, तेव्हा ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. दऱ्यांत उभारलेल्या झोपड्यांत कॉलरा शिरला आणि माणसे हजारोंनी मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. ट्रेडवेल दांपत्याचे नाव इतिहासात राहिले, मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बोरघाटात सुरुंगाइतकेच घातक ठरले ते दूषित पाणी आणि दाटीवाटीची वस्ती. मजुराच्या आरोग्याचा विचार करताना त्याच्या पिण्याच्या पाण्यापासून आणि झोपायच्या जागेपासून सुरुवात करावी लागते, हे त्या घाटाने शिकवले.

कोकण रेल्वेचे काम त्यानंतर जवळजवळ एकशेतीस वर्षांनी सुरू झाले. आता विजेवर चालणारी छिद्रण-यंत्रे होती, स्वीडनहून आणलेली जंबो ड्रिल होती, रस्ते आणि दवाखाने होते. श्रीधरन यांनी कार्यालयांत उलट चालणारी घड्याळे लावली होती. काम पुरे व्हायला किती दिवस उरले, ते त्यांवर रोज दिसे. त्या शिस्तीमुळेच एवढा अवघड मार्ग सात-आठ वर्षांत उभा राहिला. १९९६ च्या अखेरीस गाडी सावंतवाडीपर्यंत आली आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली.

काळ्या कातळातले बोगदे यंत्रांपुढे नमले. जीव घेतला तो मऊ मातीच्या बोगद्यांनी. गोव्यात पेडण्याला आणि अन्य काही ठिकाणी डोंगराच्या पोटात पाण्याने भिजलेली चिकणमाती लागली. तिथे सुरुंगाचा उपयोग नव्हता. हाताने थोडे खणायचे, लगेच आधार द्यायचा, पुन्हा थोडे खणायचे. मध्येच माती वाहून यायची आणि केलेले काम गिळून टाकायची. पेडण्याचा बोगदा सगळ्यात शेवटी पुरा झाला आणि त्यासाठी माणसांचे प्राण गेले. या मार्गावर काम करताना मरण पावलेल्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकाजवळ आहे. बोरघाटातल्या मजुरांच्या वाट्याला जे आले नाही, ते या कामगारांच्या वाट्याला आले: संस्थेने त्यांची आठवण आपल्या दारात ठेवली.

एक गोष्ट मात्र इतिहास म्हणून नोंदवली पाहिजे. बांधकाम मजुरांची सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा देशात १९९६ मध्ये झाला, तोवर या मार्गाचे बरेचसे खोदकाम उरकले होते. ज्या मजुरांनी बोगद्यांत दगडाची धूळ श्वासात घेतली, ते काम संपल्यावर आपापल्या गावी पांगले. छिद्र पाडताना उडणारी बारीक सिलिका फुप्फुसात साठते आणि तिचा आजार पुष्कळदा काम सोडल्यावर काही वर्षांनी दिसू लागतो. म्हणून खोदकाम करणाऱ्या कोणत्याही कंपनीची जबाबदारी शेवटच्या हजेरीला संपत नाही. पुढे दुसरा मार्ग टाकताना जे बोगदे खणले जातील, त्यांत पाण्याची धार सोडून छिद्रण करणे, तोंडावर योग्य मुखवटा असणे आणि काम संपल्यानंतरही कामगाराची छाती तपासली जाणे, या गोष्टी कंत्राटाच्या पहिल्या पानावर यायला हव्यात.

वैभववाडी, २२ जून २००३

कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतली विशेष गाडी त्या रात्री वैभववाडीजवळ डोंगर कापून केलेल्या कटिंगमध्ये शिरली. पावसाने सुटलेले मोठे दगड रुळांवर आले होते. इंजिन आणि पुढचे डबे घसरले. पन्नासहून अधिक माणसे गेली. आसपासच्या गावांतले लोक अंधारात, पावसात मदतीला धावले. पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात वीर आणि करंजाडी यांच्या दरम्यान मत्स्यगंधा एक्सप्रेसला दगडांमुळेच अपघात झाला आणि पुन्हा माणसे दगावली.

दरड का कोसळते, हे कोकणातल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. सह्याद्रीच्या पायथ्याशी मातीत मोठमोठे काळे धोंडे रुतलेले असतात. पाऊस आजूबाजूची माती धुऊन नेतो आणि एक दिवस धोंडा मोकळा होतो. किनाऱ्याच्या बाजूला वर जांभ्याचा कडक, सच्छिद्र थर आणि खाली पांढरी-पिवळी चिकणमाती असते. जांभ्यातून झिरपलेले पाणी चिकणमातीवर साठते, माती लोण्यासारखी होते आणि वरचा थर घेऊन घसरते. रेल्वेसाठी डोंगर कापला की हजारो वर्षे स्थिर असलेला उतार उभा होतो. असा नवा उतार स्थिर व्हायला अनेक पावसाळे जातात, आणि या मार्गाने तेवढे पावसाळे अजून पाहिले नव्हते.

या दोन अपघातांनंतर संस्थेने डोंगराकडे पाहण्याची पद्धत बदलली. उभे उतार कापून सपाट करण्यात आले, त्यांना टप्पे पाडले गेले. धोक्याच्या कातळावर पोलादी जाळ्या बसल्या, भेगांत लोखंडी सळ्या ठोकल्या गेल्या, काही ठिकाणी सिमेंटचा फवारा मारला गेला, काही ठिकाणी माती धरून ठेवणारे वाळ्याचे गवत लावले गेले. दगड पडताच इशारा मिळावा म्हणून कटिंगच्या कडेने तारांची यंत्रणा लावण्याचा प्रयोगही झाला. तिला ‘रक्षा धागा’ हे आपल्या घरातले नाव देण्यात आले. हे सगळे काम दोरावर लोंबकळत, हातात पहार घेऊन सुटे धोंडे खाली पाडणाऱ्या माणसांनी केले. प्रवाशांची सुरक्षा वाढवणारे काम करताना त्यांचा स्वतःचा कंबरपट्टा, दोर आणि हेल्मेट शाबूत असणे ही त्या सुरक्षेची पहिली पायरी होती.

पावसाळ्याची शिस्त

जाळ्या आणि सळ्या यांच्याइतकाच महत्त्वाचा बदल वेळापत्रकात झाला. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागचा निर्णय केवढा मोठा होता, हे लक्षात येत नाही. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चाले. २०२५ पासून ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे करण्यात आले. या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरच्या वर गाडी नेऊ नये, असा लोको पायलटला आदेश असतो. एखाद्या कंपनीने वर्षातले चार महिने आपण हळू जाणार, असे आधी जाहीर करून तिकिटे विकावीत, हे सोपे नाही. इंजिनात बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा ‘वेळेवर पोचव’ हा दाब त्या निर्णयाने उतरवला. उशीर झाला तर तो त्याचा दोष राहिला नाही, कारण उशीर वेळापत्रकातच लिहिलेला होता.

दरवर्षी पावसाआधी कटिंगच्या माथ्यावरची गटारे उपसली जातात, उतारांची पाहणी होते, सुटे दगड काढले जातात. पाऊस सुरू झाला की सहाशेहून अधिक माणसे गस्तीवर असतात आणि धोक्याच्या जागी दिवसरात्र पहारा असतो. मार्गावर सरासरी एकेका किलोमीटरवर दूरध्वनीची सोय आहे. गस्तीवरचा माणूस तिथे आपले यंत्र जोडून थेट स्थानकाशी बोलू शकतो. कणकवलीसह नऊ स्थानकांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढल्याचा इशारा मिळतो. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती या पुलांवर वारा मोजला जातो. रत्नागिरी आणि वेर्णा येथे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या वैद्यकीय गाड्या तयार उभ्या असतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचा महापूर आला, तेव्हा गाड्या स्थानकांतच रोखून धरल्या गेल्या आणि हजारो प्रवासी अडकले तरी सुखरूप राहिले.

गाडी थांबवण्याचा अधिकार

एवढ्या यंत्रणेच्या केंद्रस्थानी एक माणूस आहे. त्याला कोणी पेट्रोलमन म्हणते, कोणी गँगमन, कागदावर तो ट्रॅक मेंटेनर असतो. अंगात रेनकोट, हातात रंग बदलणारी बत्ती, शिट्टी, झेंड्या आणि पिशवीत रुळांवर लावायचे फटाके. रुळांवर दगड किंवा पाणी दिसले तर त्याने काय करायचे, हे नियमात बारकाईने लिहिलेले आहे. धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे. इंजिन त्यांवरून गेले की आवाज होतो आणि लोको पायलट गाडी थांबवतो.

हा नियम कागदावर वाचायला सोपा आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की पन्नाशीकडे झुकलेल्या एका माणसाने काळोखात, पावसात, खडीवरून सव्वा किलोमीटर धावायचे. त्याचे गुडघे, त्याचा दम, त्याची नजर, त्याच्या बुटाचा तळ, आदल्या रात्री त्याला मिळालेली झोप या सगळ्यांवर गाडीतल्या हजार माणसांचे जीव अवलंबून असतात. कामगाराचे आरोग्य आणि प्रवाशाची सुरक्षा या दोन वेगळ्या फायली कार्यालयात असू शकतात, रुळावर नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात कुमटा आणि होन्नावर यांच्या दरम्यान पहाटेच्या वेळी एका ट्रॅकमनला रुळाच्या एका सांध्याचे वेल्डिंग अपुरे राहिलेले दिसले. राजधानी एक्सप्रेस त्याच दिशेने येत होती. लोको पायलटशी फोनवर संपर्क होईना, तेव्हा तो सुमारे अर्धा किलोमीटर रुळावरून धावत गेला आणि त्याने गाडी थांबवली. महामंडळाने त्याचा गौरव केला. त्याचे धाडस मोठेच होते. पण संस्थेच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. देशातल्या सर्वांत मानाच्या गाड्यांपैकी एक गाडी रुळाची देखभाल करणाऱ्या माणसाने थांबवली आणि त्याला कोणी जाब विचारला नाही, उलट सत्कार केला. हा अधिकार सर्व रेल्वेंच्या नियमांत आहे; तो वापरताना हात कापू नये, असे वातावरण घडवणे हे संस्थेचे काम. आणि गाडी थांबवल्यावर पुढे काहीच धोका नव्हता असे कळते, तेव्हाही थांबवणाऱ्याची पाठ थोपटली गेली पाहिजे. एका चुकीच्या इशाऱ्याबद्दल ओरडा बसला, तर त्या विभागातले दहा जण पुढच्या वेळी दोनदा विचार करतात, आणि पावसात तेवढा वेळ नसतो.

अपघाताच्या बातमीत न येणारे आजार

दरडीची बातमी होते. धुराची, मैल्याची आणि भिजलेल्या पायांची होत नाही. पण कामगाराचे आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टी बहुधा याच असतात, आणि गेल्या काही वर्षांत कोकण रेल्वेवर झालेल्या दोन मोठ्या बदलांचे मोल या दृष्टीने फारसे कोणी मोजलेले नाही.

पहिला बदल विजेचा. सुरुवातीची चोवीस वर्षे या मार्गावर डिझेल इंजिने धावली. लांब बोगद्यांत हवा खेळती राहावी म्हणून पंखे बसवलेले होते, तरी गाडी गेल्यावर धूर रेंगाळायचा आणि त्याच धुरात चावीवाला हातात पाना घेऊन रुळाच्या चाव्या तपासत चालायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि २० जून २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्या वेळी डिझेलवर वाचणाऱ्या पैशांची चर्चा झाली. बोगद्यात काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांची बचतही तेवढीच मोठी होती आणि संस्थेच्या आरोग्याच्या इतिहासात ती ठळकपणे लिहिली गेली पाहिजे.

दुसरा बदल शौचालयांचा. जुन्या डब्यांतून मैला सरळ रुळांवर पडे. प्रवाशाला त्याचे काही वाटत नसे, कारण तो पुढे निघून गेलेला असे. रुळांवर वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर त्याचे शिंतोडे उडत. खडी हाताने उपसावी लागे आणि त्याच हाताने डबा उघडावा लागे. संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली जैव-शौचालये देशभरातल्या डब्यांत बसवत नेली आणि २०१९-२० पर्यंत बहुतेक सगळ्या गाड्या या घाणीतून मुक्त झाल्या. स्वच्छतेच्या मोहिमेत याची गणना होते, पण हा त्याहून आधी कामगाराच्या प्रतिष्ठेचा निर्णय आहे. कोणाही माणसाला पोटासाठी दुसऱ्याच्या मैल्यात हात घालावा लागू नये, यासाठी एवढा उशीर झाला, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग या मातीचे आजार. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस फिरतो. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात असतात आणि पायावरच्या लहानशा ओरखड्यातून शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत आरोग्य खाते शेतकऱ्यांना डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देते. कटिंगच्या गटारात उतरणारा ट्रॅकमन त्याच पाण्यात उभा असतो. त्याचा ताप अंगावर काढण्याचा नसतो, त्याच दिवशी तपासण्याचा असतो. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, दोडामार्ग आणि बांदा परिसरात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार गोचिडीमार्फत पसरतो आणि उन्हाळ्याच्या आधीपासून जंगलात, काजूच्या बागांत जाणाऱ्यांना गाठतो. रुळाच्या कडेची झाडी साफ करणाऱ्यांना त्याची माहिती आणि अंगाला लावायचे औषध मिळणे गरजेचे आहे. साप, विंचू, वीज यांची भीती कोकणी माणसाला सांगावी लागत नाही; पण रात्री सर्पदंश झाला तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे, हे प्रत्येक गस्तीवाल्याला तोंडपाठ हवे.

रेल्वेच्या वैद्यकीय नियमांत कामानुसार प्रतवारी आहे. इंजिन चालवणाऱ्यांची तपासणी सर्वांत कडक: वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. रुळांवर काम करणाऱ्यांची ठरावीक तपासणी पंचेचाळीस वर्षांनंतर सुरू होते आणि मग दर पाच वर्षांनी होते. या नियमांचा मूळ हेतू माणूस कामाला लायक आहे का, हे पाहणे होता. नजर, रंगांची ओळख, रक्तदाब हे सारे त्यासाठी. आरोग्याची संस्कृती याच्या पुढचे पाऊल टाकते. काम माणसाला लायक आहे का, हेही ती विचारते. गुडघे कोणत्या वयात झिजले, कोणत्या विभागात पाठदुखी जास्त, रात्रपाळी करणाऱ्यांत साखर किती जणांची वाढली, अशा नोंदी एकत्र ठेवल्या तर पुढच्या पिढीचे काम बदलता येते. तपासणीत दोष निघाला म्हणजे पद जाईल, या धास्तीने लोक आजार लपवतात. ती धास्ती दूर करायची, तर बसून करायचे, पण मानाचे काम हाताशी ठेवले पाहिजे.

आता पुढे

रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे सिंधुदुर्गासकट बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. एकेरी मार्गावर गाड्या वाढतात तसा देखभालीला मोकळा वेळ कमी उरतो आणि क्रॉसिंगसाठी थांबलेल्या गाडीत लोको पायलटची पाळी लांबते. म्हणून दुहेरीकरणाची मागणी करताना आपण प्रवाशांनी केवळ आपल्या आरक्षणाचा विचार करू नये. दुसरा रूळ म्हणजे रुळांवर काम करणाऱ्यांना मिळणारा निवांत तास आणि इंजिनावरच्या माणसाला मिळणारी पुरी झोप.

गणपतीत जादा गाड्या सोडल्या जातात, तेव्हाही हेच लक्षात ठेवावे. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रवासी संघटनेने जादा गाडीच्या निवेदनात एक ओळ जोडावी: या गाडीसाठी लागणारी जादा माणसे आणि त्यांची विश्रांती यांची सोय करून मगच ती सोडावी.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न या काळातला सर्वांत महत्त्वाचा. उतार साफ करणे, गटारे उपसणे, रुळांची जड कामे करणे यांत कंत्राटी हात मोठ्या संख्येने असतात. दगड कोणाच्या डोक्यावर पडायचा, हे हजेरीपट पाहून ठरत नाही. बूट, रेनकोट, हेल्मेट, तपासणी आणि गाडी थांबवण्याचा अधिकार हे सारे कायम आणि कंत्राटी अशा दोघांना सारखेच मिळाले, तरच या संस्थेची संस्कृती पुरी म्हणता येईल.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. विलीनीकरणाने पैसा येईल, दुसरा मार्ग येईल, ही आशा रास्त आहे. पण तीन दशकांत या कंपनीने जे कमावले, त्यात ताळेबंदात न दिसणारी एक ठेव आहे: पावसापुढे हळू चालण्याचा संकोच न बाळगणे, प्रत्येक कटिंगची नावानिशी ओळख ठेवणे, आणि गस्तीवरच्या माणसाच्या एका शिट्टीवर राजधानी थांबणे. मोठ्या संस्थेत लहान संस्था मिसळते, तेव्हा मालमत्ता आधी मोजली जाते आणि सवयी मागे राहतात. या सवयी वैभववाडीच्या मृतांच्या मोलाने मिळाल्या आहेत. म्हणून विलीनीकरणाच्या करारात पावसाळी वेळापत्रक, गस्तीची व्यवस्था, उतारांच्या देखभालीचा स्वतंत्र निधी आणि रुळांवरच्या कामगारांच्या आरोग्याची नोंदवही या चार गोष्टी कलमे म्हणून लिहिल्या गेल्या पाहिजेत. सिंधुदुर्गाच्या लोकप्रतिनिधींनी आणि प्रवासी संघटनांनी ही मागणी आतापासूनच करावी. ज्या जिल्ह्याने या शिकवणीची किंमत मोजली, त्याचा ती टिकवण्यावर पहिला हक्क आहे.